बक्षीस न मिळालेल्या चित्राचे काय?

'तारे जमीं पर' हा चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मी राज्य शासनाच्या सेवेत होतो. बडोद्यात आम्ही तो सहकुटुंब पाहिला आणि इतर प्रेक्षकांप्रमाणे माझेही डोळे पाणावले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाबरोबर तो पुन्हा पाहण्याचा योग आला. या वेळी मनात एक शंका उत्पन्न झाली; ती वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम चित्रपटाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. अमोल गुप्ते यांचे लेखन आणि आमिर खान यांचे दिग्दर्शन यांमुळे 'डिस्लेक्सिया' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. आठ-नऊ वर्षांच्या ईशानला अक्षरे स्थिर दिसत नाहीत. त्याला 'आळशी' ठरवून वसतिगृहात धाडले जाते. तेथे होळकर नावाचे चित्रकला-शिक्षक हातावर पट्टी मारून चित्र शिकवितात, आणि त्यांच्या जागी निकुंभ येतात तेव्हा तोच तास खुला होतो. वेळापत्रकात चित्रकलेचा तास असणे आणि मुलाला चित्र काढता येणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे या दोन शिक्षकांच्या विरोधातून उत्तम दिसते. घरी सतत रंगांत रमणारा ईशान वसतिगृहात चित्र काढणेच थांबवितो, हा प्रसंग तर चित्रपटातील सर्वांत खरा प्रसंग होय.

माझी शंका शेवटाविषयी आहे. शाळेत चित्रस्पर्धा होते. परीक्षक म्हणून प्रत्यक्ष चित्रकर्त्री ललिता लाजमी येतात. ईशानला पहिले बक्षीस मिळते आणि त्याचे चित्र वार्षिकाच्या मुखपृष्ठावर झळकते. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो : मुलगा गुणी निघाला! पण ईशानचे चित्र सामान्य निघाले असते तर? निकुंभांनी त्याच्यासाठी घेतलेले कष्ट व्यर्थ ठरले असते काय? निकुंभ ज्या 'ट्युलिप्स' शाळेत मतिमंद व इतर अपंग मुलांना शिकवितात, तेथील मुलेही चित्रपटात दिसतात. त्यांना रंगमंचाचा आनंद मिळतो, पण कथेचा विजय ज्याच्या बोटांत असामान्य कसब आहे त्याच्याच वाट्याला येतो. कलेचा तास हा मुलाचा हक्क, असे प्रतिपादन करीत निघालेला चित्रपट शेवटी त्या हक्काची किंमत बक्षिसाने चुकती करून घेतो.

या बाबतीत सई परांजपे यांचा १९८० चा 'स्पर्श' मला अधिक प्रामाणिक वाटतो. तेथे कविता अंधशाळेत जाऊन मुलांना गाणी, गोष्टी, हस्तकला शिकविते. तो रोजचा, साधा वर्ग आहे; त्यातून कोणी मोठा गायक निघावा ही अपेक्षा कथेत कोठेही नाही. प्राचार्य अनिरुद्ध यांना दयेचे वावडे आहे, आणि दया व मदत यांतील अंतर हाच चित्रपटाचा विषय आहे. उणीव म्हणावी तर एकच : दोन प्रौढांचा स्वाभिमान आणि प्रेम कथेचा मध्य व्यापते, मुले कडेला सरकतात. तरीही त्या वर्गाला कोणी 'यातून निष्पन्न काय?' असे विचारत नाही.

हा प्रश्न एका थोर गुरूने शतकापूर्वीच बाजूला सारला होता. बिनोदबिहारी मुखर्जी (जन्म १९०४) यांचा एक डोळा जन्मतःच निकामी व दुसरा अतिशय अधू होता. नेहमीचे शिक्षण जमेना म्हणून १९१७ मध्ये त्यांना शांतिनिकेतनात पाठविले. पुढे ते कलाभवनात आले, तेव्हा ज्याला नीट दिसत नाही त्याने चित्रकला शिकावी काय, अशी शंका खुद्द नंदलाल बसूंना आली. रवींद्रनाथांनी विचारले ते एवढेच, की मुलगा मन लावून काम करतो ना? करीत असेल तर करू द्या. बिनोदबिहारींच्या आठवणींतून आलेली ही हकीकत आहे. १९४७ मध्ये हिंदी भवनातील संतांचे भव्य भित्तिचित्र त्यांनी पूर्ण केले. पुढे शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्ण गेल्यावरही कागद कातरून चित्रे केली, आणि सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला. त्यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन यांनी आपल्या बडोद्याच्या कला विद्याशाखेत पिढ्या घडविल्या.

येथे कोणी म्हणेल, बिनोदबिहारीही असामान्यच होते. खरे आहे, परंतु प्रवेशाच्या दिवशी ते कोणाला ठाऊक होते? त्या दिवशी समोर होता तो अधू दृष्टीचा, चित्राची ओढ असलेला एक मुलगा. दार उघडले ते ओढ पाहून. कीर्ती तीस वर्षांनी आली.

हे मी आज लिहितो आहे, पण २००३-०४ च्या सुमारास माझे मत निराळे होते. माझ्या टेबलावर एका विशेष शाळेची फाइल आली होती. शाळेत वेताच्या खुर्च्या विणणे आणि खडू तयार करणे शिकविले जाई. संस्थेने संगीत व चित्रकलेसाठी एका शिक्षकाचे पद मागितले होते. 'रोजगाराच्या दृष्टीने उपयुक्तता सिद्ध होत नाही' असा शेरा मी मारला, वरिष्ठांनी तो मान्य केला आणि फाइल बंद झाली. शेरा नियमाला धरून होता. त्यानंतर तीन-चार वर्षांनी ईशानसाठी रडताना मला त्या फाइलची आठवणही झाली नाही, कारण ईशानची उपयुक्तता चित्रपटाने माझ्यासाठी सिद्ध करून दिली होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनाचा हक्क मान्य केलेला आहे, आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना सहभागी होता येईल असे नव्याने आखावेत, असेही त्यात म्हटले आहे. त्या कलमात गुणवत्तेची अट नाही. अट असते ती फाइल हाताळणाऱ्याच्या मनात, आणि तेथे ती आपल्या आवडत्या कथांतूनही येऊन बसते. म्हणून चित्रपटाच्या शेवटाची चिकित्सा मला निव्वळ रसिकाचा छंद वाटत नाही.

त्या शाळेतील मुले आता तिशी ओलांडलेली असतील. त्यांच्यापैकी कोणी चित्रकार झाले असते काय, हे मला कधीच कळणार नाही. मात्र आठवड्यातून दोन तास त्यांच्या हाती वेताऐवजी रंग आले असते, एवढे निश्चित. आणि पद मंजूर करण्यास तेवढे पुरेसे होते.