मार्कुसच्या गाडीचं वय

व्हिएन्नाच्या तंत्रविद्या संग्रहालयात एक गाडी आहे. लाकडी सांगाडा, लाकडी आऱ्यांची चाकं, त्यांवर लोखंडी धावा. पुढे एक बाक, मागे एक बाक आणि पुढच्या बाकासमोर उभ्या दांड्यावर बसवलेलं छोटं चाक. घोडे सोडून गाडी तशीच उभी ठेवली आहे, असा पहिला भास होतो. नजर बाकांच्या खाली गेली की तो मोडतो. तिथे आडवं पडलेलं एका सिलिंडरचं इंजिन आहे, जड चक्र आहे, पट्टे आहेत, आणि यातलं काहीही झाकलेलं नाही. नंतरच्या मोटारींनी आपलं पोट पत्र्याआड लपवलं. हिला ती लाज नाही, म्हणून ती वाचता येते.

गाडी झीगफ्रीड मार्कुसची. मार्कुस जन्मला १८३१ साली, जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग भागातल्या माल्खीन गावी, ज्यू कुटुंबात. बर्लिनला झीमेन्स आणि हाल्स्के यांच्या कारखान्यात तो प्रत्यक्ष काम करत शिकला, आणि १८५२ साली व्हिएन्नाला येऊन कायमचा तिथला झाला. तारायंत्रं, सुरुंग पेटवायची विजेची यंत्रं, दिवे, प्रज्वलनाची साधनं, अशा गोष्टींची शंभराहून अधिक पेटंटं त्याच्या नावावर आहेत. एका गोष्टीवर आयुष्य लावणारा हा माणूस नव्हे. त्याचं लक्ष सारखं दुसरीकडे जाई, आणि हा त्याचा दोष मला त्याच्या गुणाइतकाच आवडतो.

अनेक दशकं या गाडीवर साल लावलं जात होतं ते १८७५. कार्ल बेंझनं आपल्या तीनचाकीचं पेटंट मागितलं २९ जानेवारी १८८६ रोजी. म्हणजे मार्कुस अकरा वर्षं आधी, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचा मान व्हिएन्नाचा. ऑस्ट्रियात हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक होतं.

जुन्या पोथीचा काळ ठरवताना आपल्याकडचे अभ्यासक बहिःप्रमाण आणि अंतःप्रमाण अशा दोन वाटांनी जातात. इतरांनी काय लिहून ठेवलं ते एक, आणि पोथी स्वतःबद्दल नकळत काय बोलून जाते ते दुसरं. पहिल्या वाटेत भक्तांची गर्दी फार असते, म्हणून दुसऱ्या वाटेनं आधी जावं.

तेव्हा इंजिनाकडे पाहू. हे चार टप्प्यांचं इंजिन आहे. हवा आणि इंधनाचं मिश्रण आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा. हे चक्र चालतं करून दाखवलं निकोलाउस ओटोनं, १८७६ साली, कोलोनजवळ डॉइट्सला. गाडी १८७५ ची मानली तर मार्कुसनं मोटारीसोबत ओटोचं इंजिनही ओटोच्या आधी बनवलं, असं कबूल करावं लागतं. काही अभिमानी मंडळींनी तेही आनंदानं कबूल केलं. पण ओटोचं पेटंट पाडण्यासाठी त्याच्या विरोधकांनी कुठे कुठे खणलं ते आठवावं. बो द रोशा या फ्रेंच माणसाची याच चक्राची कल्पना मांडणारी, १८६२ सालची, कुणी न वाचलेली पुस्तिकासुद्धा त्यांनी शोधून काढली, आणि १८८६ साली जर्मन न्यायालयानं पेटंटाचा मुख्य भाग रद्द केला. व्हिएन्नात दहा वर्षांपासून अशी बोलकी साक्ष चार चाकांवर उभी असती, तर तिला बोलवायला हे लोक विसरले असते का?

दुसरी खूण ठिणगीची. आणि इथे जरा रेंगाळायला हवं, कारण मार्कुसचा खरा हात इथे दिसतो. त्या काळी सिलिंडरातलं मिश्रण पेटवणं ही मोठी अडचण होती. बेंझसारखाच मोटारी बनवणाऱ्या जर्मन डाइमलरनं ज्योतीनं लाल केलेली नळी वापरली, म्हणजे पेट्रोलशेजारी उघडी ज्योत. बेंझनं बॅटरी आणि विजेचं वेटोळं वापरलं, आणि त्या वेळच्या बॅटऱ्या प्रवासाला निघालेल्या पाहुण्यासारख्या ऐन वेळी दगा देत. मार्कुसला ज्योतही नको होती, बॅटरीही नको होती. त्यानं चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचं वेटोळं असं बसवलं की इंजिनच त्याला झटका देईल. त्या झटक्यात वीज तयार होते, आणि नेमक्या त्याच क्षणी सिलिंडरातले जुळलेले दोन धातूचे बिंदू एकमेकांपासून खेचले जातात. वाहता प्रवाह तुटतो आणि तुटताना ठिणगी पडते. तारायंत्रात आणि सुरुंगात मुरलेल्या माणसालाच हे सुचावं. विजेला तो पाहुणी मानत नव्हता, घरचीच समजत होता. रोबेर्ट बॉशनं १८८७ साली आपलं पहिलं मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या जोरावर ठिणगी पाडणारं साधन, बनवलं ते याच कुळातलं. पण हे साधन मार्कुसनं पेटंटांत नोंदवलं ते १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला. सत्तरच्या दशकातल्या गाडीवर ते कुठून आलं?

तिसरी गोष्ट कालनिर्णयाची नाही, निव्वळ आनंदाची. हवेत पेट्रोल मिसळायला मार्कुसनं फिरता ब्रश लावला. गोल ब्रश पेट्रोलात बुडतो, वर येताना त्याचे केस एका कडेला अडतात आणि सुटताना बारीक तुषार उडवतात. जाणारी हवा ते तुषार उचलून सिलिंडरात नेते. इतकी साधी युक्ती, की पाहिल्यावर आपल्यालाही सुचली असती असं वाटतं. सुचली नसती.

बाकीचं थोडक्यात. सिलिंडर दीड लिटरच्या थोडं वर, मिनिटाला सुमारे पाचशे फेरे, ताकद अश्वशक्तीच्या पाऊण भागाएवढी. साडेसातशे किलोच्या आसपासचा हा ऐवज एवढ्या बळावर ताशी सहा-आठ किलोमीटरनं चालतो. घाईत असलेला माणूस चालत पुढे निघून जाईल. पुढचा आस वळवायला मळसूत्री दातांची जोडणी आहे, म्हणून दगडावर चाक आपटलं तरी चालवणाऱ्याच्या हाताला हिसका बसत नाही. वेगासाठी ही गाडी बनवलेलीच नव्हती. एकेका अडचणीवर मार्कुसला काय सुचलं, ते तिच्यात शेजारीशेजारी मांडलेलं आहे.

आता बहिःप्रमाण. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियन संशोधक हान्स झेपर यांनी कागदपत्रं धुंडाळली, आणि धागा मोराव्हियातल्या आडामोव्हला पोहोचला. ब्रनोजवळच्या या गावाला जर्मन बोलणारे आडाम्सटाल म्हणत. तिथल्या मेर्की, ब्रोमोव्स्की आणि शुल्त्स या कारखान्यात मार्कुसच्या आराखड्यावरून ही गाडी तयार झाली, १८८८-८९ च्या सुमारास. अंतःप्रमाण जे सुचवत होतं, त्यावर शिक्कामोर्तब झालं. आज संग्रहालयही हेच साल मानतं.

म्हणजे गाडी बेंझच्या नंतरची. मग १८७५ ला लोक इतके का चिकटून राहिले? यात निव्वळ देशाभिमान असता तर गोष्ट सोपी होती. पण मधे १९३८ येतं. ऑस्ट्रिया जर्मनीत सामील केला गेला आणि व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठासमोरचा मार्कुसचा अर्धपुतळा काढून टाकण्यात आला. ४ जुलै १९४० रोजी नाझी प्रचार मंत्रालयानं डाइमलर-बेंझ कंपनीला पत्र लिहून कळवलं, की मोठ्या जर्मन ज्ञानकोशांच्या प्रकाशकांना सूचना दिली आहे. आधुनिक मोटारीचे जनक म्हणून यापुढे मार्कुसचं नाव येणार नाही, डाइमलर आणि बेंझ यांचं येईल. कारण एकच, मार्कुस ज्यू होता. त्याच्या मृत्यूला तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती. पुतळा परत बसवला गेला १९४८ साली.

अशा अन्यायानंतर १८७५ हे साल नुसतं साल उरत नाही. ते खोडणाऱ्याकडे लोक त्याच जुन्या खोडरबराचा वारस म्हणून पाहतात. झेपर यांच्या कामाला धैर्य लागलं असेल ते इथे. कारण मंत्रालयाचा हेतू नीच होता, पण त्यानं गाडीचं वय बदलत नाही. आणि गाडीचं वय कमी झालं म्हणून मंत्रालय खरं ठरत नाही, त्यानं इंजिन उघडून पाहिलंच नव्हतं. मला तर १८८८ चाच मार्कुस जास्त भावतो. १८७५ चा मार्कुस हा चमत्कार आहे, त्याच्यासमोर फक्त हात जोडता येतात. १८८८ चा मार्कुस ओटोचं चक्र घेतो, त्यात आपली ठिणगी आणि आपला ब्रश घालतो, आणि त्याचं कौशल्य आपल्याला बोट ठेवून दाखवता येतं.

'कुणाची गाडी' या प्रश्नाचं उत्तरही मग जरा रुंद होतं. आराखडा मार्कुसचा, पण धातू ओतला, कातला, जोडला तो आडामोव्हच्या कामगारांनी. नावाच्या पाटीवर त्यांना जागा मिळत नाही. घरात बनलेली म्हणावी अशी मार्कुसची गाडी ही नव्हेच. ती याआधीची, १८७० च्या सुमाराची, आणि तिचं आज फक्त छायाचित्र उरलं आहे. साधा लाकडी हातगाडा, त्यावर उभं इंजिन, मागच्या चाकांच्या जागी थेट इंजिनाला जोडलेली जड चक्रं. क्लच नाही, त्यामुळे इंजिन फिरलं की चाकं फिरणारच. सुरू करायचं तर मागची बाजू जमिनीवरून उचलायची, चक्रं हातानं फिरवायची, आणि इंजिननं दम धरला की गाडी खाली टेकवायची. बसायला जागा नाही, वळवायचं धड साधन नाही. वाहन म्हणून जवळपास निरुपयोगी. पण द्रव इंधन जाळून स्वतःच्या बळावर हललेला हा गाडा बेंझच्या पेटंटाच्या पंधरा-सोळा वर्षं आधीचा आहे. मार्कुसच्या बाजूनं भांडायचंच असेल तर त्याच्या चाहत्यांनी भलत्या गाडीच्या तारखेवर एवढी शक्ती घालवायला नको होती.