फ्रेमरेट आणि चित्रगुण : कन्सोलवरील खेळांच्या समीक्षेतील एक पाठप्रश्न

१

व्हिडिओ गेम या कलाप्रकाराविषयी जे लेखन होते त्यात एक वाद गेली अनेक वर्षे अखंड चालू आहे. कन्सोलची शक्ती मर्यादित असते. ती चित्र अधिक तपशीलवार करण्याकडे लावावी, की चित्रे सेकंदाला अधिक वेळा काढून गती अधिक सलग करण्याकडे लावावी, हा तो वाद होय. पहिल्या पक्षाला ग्राफिक्स प्रिय, तर दुसऱ्याला फ्रेमरेट. दोन्ही पक्ष एका गोष्टीत मात्र एकमत आहेत: हा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीचा आहे, असे दोघेही गृहीत धरतात. हे गृहीतकच तपासून पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. फ्रेमरेट हा कलाकृतीच्या पाठाचाच एक घटक आहे. म्हणून तो बदलला की पाठभेद निर्माण होतो, आणि पाठभेदाचा निर्णय केवळ आवडीवर सोपवून चालत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

चर्चा कन्सोलपुरती मर्यादित ठेवण्यास कारण आहे. संगणकावर खेळणारा स्वतःच्या ऐपतीप्रमाणे यंत्राची शक्ती वाढवू शकतो. कन्सोल मात्र एका पिढीत बहुतेकांजवळ सारखाच असतो. त्यामुळे कन्सोलवर निर्मात्याने केलेली निवड सर्वांना बंधनकारक होते, आणि बंधन असते तेथेच रूपविचाराला अर्थ येतो.

२

आधी या बंधनाचे गणित पाहू. दूरचित्रवाणीचा नेहमीचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवा होतो. प्रत्येक वेळी नवे चित्र द्यावयाचे ठरविले तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एकाआड एक वेळी द्यावयाचे ठरविले, म्हणजे सेकंदाला ३० चित्रे काढली, तर ३३.३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत यंत्राने खेळणाऱ्याच्या हाताची हालचाल वाचावयाची, तिचा परिणाम ठरवावयाचा आणि नवे दृश्य रंगवावयाचे. ३० चा पक्ष घेणाऱ्याला रंगविण्यास दुप्पट वेळ मिळतो. त्यात गवत, सावल्या, पाण्यातील प्रतिबिंबे अधिक काढता येतात. ६० चा पक्ष घेणाऱ्याला हे बरेचसे सोडून द्यावे लागते.

येथे चित्रपटाचा दाखला नेहमी दिला जातो. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांवर भागवितो, मग खेळाला ३० का पुरू नयेत? हा दाखला फसवा आहे. चित्रपटाच्या प्रत्येक चित्रात कॅमेऱ्यापुढे घडलेल्या हालचालीचा पुसट माग आपोआप उतरलेला असतो, आणि तो माग गतीचा सलगपणा सांभाळतो. खेळातील चित्र मुळात एका क्षणाचे असते. पुसटपणा हवा असेल तर तोही मुद्दाम काढावा लागतो. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. चित्रपटाच्या प्रेक्षकाला पडद्याला उत्तर द्यावे लागत नाही, खेळणाऱ्याला ते द्यावे लागते. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंत काही चित्रे उलटतात. तेवढीच चित्रे ३० च्या गतीने उलटली तर त्यांना ६० च्या गतीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. म्हणजे फ्रेमरेट हा केवळ नेत्राचा विषय नाही. हात आणि डोळा यांच्यामधील अंतर तो ठरवितो.

याशिवाय एक तिसरी बाजू आहे, ती समतेची. सरासरी ३० असूनही काही चित्रे १६.७ आणि काही ५० मिलिसेकंद टिकली, तर हाताला कोणतीच लय सापडत नाही. २०१५ मधील ‘ब्लडबोर्न’ या अन्यथा श्रेष्ठ खेळाला हा दोष लागलेला आहे. कविता कोणत्या वृत्तात आहे हा एक प्रश्न, आणि निवडलेले वृत्त तिने सांभाळले आहे की नाही हा दुसरा. या वादात हे दोन्ही प्रश्न वारंवार एकत्र कालविले जातात.

३

निवड ही मूलतः रूपाची असते, याचे चांगले उदाहरण १९९८ साली एकाच संस्थेने एकाच कन्सोलवर दिले. निन्टेन्डोच्या ‘निन्टेन्डो ६४’ या यंत्रावर त्या वर्षी ‘एफ-झीरो एक्स’ आणि ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ हे दोन खेळ आले. पहिला शर्यतीचा खेळ आहे. त्यात ३० वाहने एकाच वेळी धावतात आणि गती सेकंदाला ६० चित्रांची आहे. यासाठी निर्मात्यांनी वाहनांचे आकार ओबडधोबड ठेवले आणि मार्गाच्या आजूबाजूचा परिसर जवळजवळ रिकामा सोडला. दुसऱ्या खेळात विस्तीर्ण माळ आहे, गाव आहे, दिवसरात्रीचा फेरा आहे. त्याची गती मात्र अवघी २० चित्रांची.

‘ऑकरिना’ची २० ची गती सहन का होते, हे पाहण्याजोगे आहे. त्या खेळात एका शत्रूवर लक्ष स्थिर करण्याची सोय आहे. एक बटण दाबले की दृश्य त्या शत्रूभोवती बांधले जाते, आणि मग नेम साधण्याचा भार खेळणाऱ्यावर राहत नाही. द्वंद्व संथ, जवळजवळ विधिपूर्वक चालते. म्हणजे मंद गतीला साजेल अशी कृती निर्मात्यांनी घडविली. उलट ‘एफ-झीरो एक्स’मध्ये वळण घेण्याचा क्षण हाच सारा आशय आहे; तेथे २० ची गती आशयालाच मारक ठरली असती. दोन्ही निवडी योग्य, कारण प्रत्येक निवड आपल्या कृतीशी सुसंगत आहे. ‘अधिक फ्रेमरेट तेवढा चांगला’ किंवा ‘अधिक सुंदर चित्र तेवढे चांगले’ या दोन्ही सूत्रांचा निकाल या एका जोडीने लागतो.

पाठभेदाची कल्पनाही त्या काळी प्रत्यक्षात होती, जरी तिला ते नाव कोणी दिले नाही. जपान व अमेरिका येथील दूरचित्रवाणीची पद्धत सेकंदाला ६० वेळा चित्र नवे करणारी होती. युरोपातील बहुतेक देशांत, आणि भारतातही, प्रचलित असलेली पाल पद्धत ५० वेळा करणारी. १९९१ मधील ‘सोनिक द हेजहॉग’ हा वेगासाठीच प्रसिद्ध असलेला खेळ पाल यंत्रांवर सुमारे एकषष्ठांशाने मंद चालत असे. नाव तेच, नकाशे तेच, चित्रे तीच. तरी दोन भूखंडांतील मुलांनी दोन निराळ्या लयींचे खेळ खेळले. ‘ऑकरिना’ची २० ची गतीही पालवर १७ च्या आसपास आली.

४

या प्रश्नाची सर्वांगीण परीक्षा करावयाची तर ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ या खेळाइतके अनुकूल उदाहरण दुसरे नाही. फुमितो उएदा यांच्या दिग्दर्शनाखाली तो २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. एका निर्जन प्रदेशात एक तरुण घोड्यावरून येतो आणि मृत मुलीला परत जिवंत करण्याच्या आशेने सोळा महाकाय प्राण्यांचा एकामागून एक वध करतो. त्या प्राण्यांच्या अंगावरील केसांना धरून वर चढावयाचे, ते अंग झटकू लागले की बटण घट्ट दाबून लोंबकळत राहावयाचे, आणि पकड सुटण्यापूर्वी मर्मस्थळ गाठावयाचे, ही या खेळातील मुख्य कृती. पकड हीच त्याची मध्यवर्ती प्रतिमा आहे. नायक जे सोडू इच्छीत नाही ते खेळणाराही बोटाने धरून असतो.

प्लेस्टेशन २ ची मुख्य स्मृती फक्त ३२ मेगाबाइटची. त्या यंत्राला ही महाकाय, हलती, केसाळ शरीरे झेपत नव्हती. फ्रेमरेट वारंवार ३० च्या बराच खाली जाई, आणि कित्येक प्रसंगी २० च्याही खाली. पुढे २०११ मध्ये ब्लूपॉइंट या संस्थेने प्लेस्टेशन ३ साठी केलेल्या आवृत्तीत गती ३० च्या जवळ स्थिरावली. २०१८ मध्ये त्याच संस्थेने प्लेस्टेशन ४ साठी सारी चित्रे नव्याने घडविली. त्या आवृत्तीत प्लेस्टेशन ४ प्रो या यंत्रावर खेळणाऱ्याला दोन मोड दिले गेले: अधिक रेझोल्यूशन आणि ३० ची गती, किंवा कमी रेझोल्यूशन आणि ६० ची गती. अशा रीतीने एकाच कृतीचे चार पाठ आपणांपुढे आहेत.

मूळ पाठाच्या चाहत्यांत असे एक मत आढळते की, त्या मंद, अडखळत्या गतीमुळेच प्राण्यांना प्रचंडत्व लाभले. गती वाढवली की ते हलके होतात. हे मत आकर्षक असले तरी २०१८ चा पाठ त्याला आधार देत नाही. ६० च्या गतीतही नायक धावताना ठेचकाळतो, घोडा लगामाला लगेच दाद देत नाही, महाकाय प्राणी पाय उचलून टेकवितो तेव्हा मधला अवधी तसाच दीर्घ असतो. म्हणजे ते वजन हालचालींच्या रेखनात होते, यंत्राच्या अशक्तपणात नव्हते. यंत्राच्या अशक्तपणाने दिले ते एवढेच: प्राणी अंग झटकतो त्या ऐन क्षणी चित्र तुटते, आणि पकड केव्हा सैल करावी, केव्हा आवळावी हे डोळ्यांना नीट वाचता येत नाही. तो दोषच होता, आणि तो दूर झाला हे योग्यच झाले.

मात्र याच नव्या पाठात जे ग्राफिक्स सुधारले असे सर्वत्र म्हटले गेले, त्यांविषयी असे निःशंक विधान करता येत नाही. मूळ प्रदेश उजाड, विटलेला, प्रखर प्रकाशाने जणू पुसून टाकलेला होता. नव्या पाठात गवत दाट झाले, शेवाळ आले, दगडांच्या भेगा दिसू लागल्या. एकेक चित्र निःसंशय सुंदर आहे. तथापि ज्या भूमीत काही उरलेले नाही अशी जाणीव मूळ कृती देत होती, त्या भूमीत आता पुष्कळ काही आहे. निष्कर्ष थोडा अनपेक्षित निघतो. या कृतीच्या बाबतीत फ्रेमरेट वाढल्याने पाठ शुद्ध झाला. चित्रगुण वाढल्याने तो बदलला.

५

आता व्यवहाराकडे वळू. ‘रॅचेट अँड क्लँक’ या मालिकेचे खेळ करणाऱ्या इन्सोम्निअॅक या अमेरिकन संस्थेने २००९ मध्ये जाहीर केले की, ६० च्या गतीचा आग्रह आपण यापुढे धरणार नाही. अधिक फ्रेमरेटचा विक्रीशी किंवा परीक्षणातील गुणांशी संबंध दिसत नाही, ग्राफिक्सच्या गुणांचा मात्र एकूण गुणांशी दिसतो, असे तिचे म्हणणे होते. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ वर त्याच संस्थेच्या ‘स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस’ने दोन्ही मोड खेळणाऱ्यापुढे ठेवले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रोची ओळख करून देताना मार्क सर्नी यांनी सांगितले की, निवड करावयाची वेळ येते तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळणारे फ्रेमरेटच निवडतात.

२००९ चा निष्कर्ष आणि २०२४ ची माहिती यांत विरोध दिसतो. तो काही अंशी यंत्रांच्या प्रगतीने सुटतो. आता ६० साठी चित्रगुणाचा त्याग पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. पण प्रस्तुत लेखकाच्या मते खरे कारण निराळे आहे. परीक्षणासोबत छापली जातात ती स्थिर चित्रे, आणि जाहिरातीत आपण दुसऱ्याचा खेळ बघतो. या दोन्ही ठिकाणी चित्रगुण दिसतो. हाताला मिळणारे उत्तर दिसत नाही. विकत घेतो तो डोळा. खेळतो तो हात. समीक्षा बहुतांशी डोळ्याच्या बाजूने लिहिली गेली, म्हणून तिचे गुण हाताच्या अनुभवाशी जुळले नाहीत. हा दोष खेळणाऱ्यांचा नसून समीक्षेचा आहे.

मग निवडीचा अधिकार खेळणाऱ्याला दिल्याने प्रश्न मिटतो काय? या सोयीच्या बाजूने बरेच म्हणता येईल. पडदे निरनिराळे असतात, डोळे निरनिराळे असतात; तुटक गतीने काहींना प्रत्यक्ष त्रास होतो. त्यांना पर्याय नाकारणे हा कलेचा अभिमान नव्हे, निष्ठुरपणा होय. परंतु सोय देणे निराळे आणि निर्णय टाळणे निराळे. ज्या निर्मात्याला आपल्या कृतीची लय ठाऊक आहे, त्याने कोणत्या गतीसाठी ती घडविली हे सांगावे, आणि मग पर्याय खुशाल द्यावेत. २०२१ मध्ये ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’मध्ये ४० च्या गतीचा मोड आला, तो या दृष्टीने उल्लेखनीय आहे. सेकंदाला १२० वेळा नवा होणाऱ्या पडद्यावर ४० ची गती बिनचूक बसते. प्रत्येक चित्र तीनदा दाखविले जाते. त्याचा २५ मिलिसेकंदांचा अवधी १६.७ आणि ३३.३ यांच्या बरोबर मध्यावर येतो. सारा तपशील जवळजवळ कायम ठेवून हाताला पुष्कळ मोकळीक देणारा हा मार्ग विचारपूर्वक काढलेला दिसतो.

६

या विवेचनातून समीक्षकासाठी तीन नियम निघतात. पहिला, कृतीने स्वीकारलेली गती ती समपणे पाळते की नाही हे प्रथम पाहावे. असमतेचे समर्थन चित्राच्या सौंदर्याने होत नाही. दुसरा, कृतीचा आशय कोठे वसतो हे ठरवावे. तो हाताच्या क्षणात असेल तर चित्रगुणाचा त्याग उचित, आणि स्थळाच्या दर्शनात असेल तर मंद गतीही क्षम्य. मात्र त्या मंद गतीला साजेशी कृती रचलेली असली पाहिजे. तिसरा नियम संशोधनाचा आहे आणि आज तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. खेळ कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या मोडमध्ये अभ्यासला, याची नोंद प्रत्येक समीक्षालेखात झाली पाहिजे.

जुन्या पोथीवर लिहिणारा अभ्यासक कोणती प्रत पाहिली हे सांगितल्याशिवाय एक ओळही पुढे जात नाही. येथे मात्र ‘शॅडो ऑफ द कोलोसस’वर लिहिणारे दोघे जण एकमेकांचे खंडन करतात, आणि एकाने सेकंदाला २० चित्रांचा पाठ पाहिलेला असतो, दुसऱ्याने ६० चा. जुनी यंत्रे दरवर्षी निकामी होत आहेत आणि त्यांच्या जागी नव्या यंत्रांवरील शुद्ध केलेले पाठ येत आहेत. मूळ लयीची नोंद आज झाली नाही, तर पुढील अभ्यासकाला ती कोठल्याही स्थिर चित्रावरून काढता येणार नाही.