कार्थेजची रुग्णशय्या आणि बेनेट भगिनी

१९४३ च्या डिसेंबरात तेहरान व कैरो येथील वाटाघाटी आटोपून परतत असता विन्स्टन चर्चिल ट्यूनिसच्या परिसरात न्यूमोनियाने अंथरुणाला खिळला. कार्थेजजवळ, आयझेनहॉवरच्या निवासस्थानी, त्याची शुश्रूषा होत होती. डॉक्टरांनी कामाचा भार कमी करावयास सांगितले, तेव्हा त्याने कादंबरी ऐकण्याचे ठरविले. कन्या सारा पलंगाच्या पायथ्याशी बसून वाचू लागली. ती कादंबरी म्हणजे जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेजुडिस’. युद्धाच्या आठवणींच्या पाचव्या खंडात, ‘क्लोजिंग द रिंग’मध्ये (१९५१), चर्चिलने हा प्रसंग नमूद केला असून त्यावर आपला अभिप्रायही दिला आहे. ह्या माणसांचे आयुष्य किती निवांत होते, फ्रेंच राज्यक्रांतीची वा नेपोलियनशी चाललेल्या झुंजीची त्यांना काही चिंताच नव्हती, असा त्याचा आशय.

ह्या अभिप्रायात दोन विधाने एकमेकांत मिसळली आहेत. एक वाचकाविषयीचे आहे, दुसरे ग्रंथाविषयीचे. पहिले संपूर्ण खरे आहे. परमुलखात, आजारात, डोक्यावर महायुद्धाचे ओझे असताना माणसाला घर हवे असते. आणि पाच बहिणींच्या ह्या घरात ते सर्व आहे: टोप्यांवरून होणारी कुरबुर, शेजारच्या नृत्यसमारंभाची चर्चा, आईच्या दुखऱ्या नसा आणि बापाचा त्यावरील उपहास. अशा वाचनाला पलायन म्हणून हिणविण्याचे कारण नाही. मराठीत फडके-खांडेकर वादाने कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा प्रश्न पुष्कळ घुसळला. पण हलक्याफुलक्या कादंबरीला दोन्ही पक्षांकडून सावत्रपणाचीच वागणूक मिळाली. एकाने तिची रचना पाहिली, दुसऱ्याने तिच्याकडे ध्येय मागितले. तिचा हलकेपणा कशाचा भार पेलीत असतो, हे पाहण्याचे मात्र राहून गेले.

कारण दुसरे विधान, ग्रंथाविषयीचे, टिकणारे नाही. मेरिटन गावात फौजेची पलटण मुक्कामाला येते ती का? फ्रान्सशी युद्ध चालू आहे म्हणूनच. धाकट्या बहिणी गावातल्या बातम्या सांगतात, तेव्हा अधिकाऱ्यांच्या मेजवानीच्या आणि कर्नलच्या लग्नाच्या वार्तेमध्ये एका शिपायाला फटके मारल्याची बातमी त्याच सुरात, त्याच वाक्यात येऊन जाते. निवेदन तेथे क्षणभरही थबकत नाही. ऑस्टिनच्या उपरोधाची जात कोणती, हे ह्या एका वाक्यावरून कळावे. लिडियाचे पळून जाणे घडते तेही ब्रायटनच्या लष्करी छावणीतून. आणि अखेरच्या प्रकरणात तह होऊन सैनिक घरी परतल्याचा उल्लेखही आहे. लेखिकेचे दोन भाऊ आरमारात होते, तिसरा काही वर्षे ह्याच प्रकारच्या पलटणीत. तिला युद्ध ठाऊक नव्हते असे म्हणणे धाडसाचे आहे.

परंतु खरी चिंता छावणीत नाही. ती पैशांच्या हिशेबात आहे. लाँगबोर्नची मिळकत वर्षाला दोन हजार पौंड देते, पण ती केवळ पुरुष वारसालाच जाणार. बापामागे घरदार कॉलिन्स ह्या दूरच्या नातेवाइकाचे. मुलींच्या वाट्याला आईच्या पश्चात प्रत्येकी हजार पौंड, चार टक्के व्याजाचे. म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. हा आकडा कादंबरीत कोणाच्या तोंडी आहे? एलिझाबेथला मागणी घालणाऱ्या त्याच कॉलिन्सच्या! वाचक खळखळून हसतो, आणि मागणी नाकारणाऱ्या मुलीच्या उद्याच्या अन्नाचा हिशेब त्या हसण्यातच मांडला जातो. सत्तावीस वर्षांची शार्लट ल्यूकस तो हिशेब करून त्याच माणसाला होकार देते. बेनेटबाई हास्यास्पद ठरते ती सर्वांच्या मनात असलेले ती मोठ्याने बोलते म्हणून. उलट, वाचकाला प्रिय असणारा बेनेट ग्रंथसंग्रहाच्या खोलीत दार लावून बसतो. त्याचा विनोद ही जबाबदारीकडे फिरविलेली पाठच होय. बापाच्या ह्या वागण्यातला दोष एलिझाबेथला उमगतो, तरी तिचे त्याच्यावरील प्रेम ढळत नाही. विनोदी कादंबरीत ह्याहून अवघड जागा फार थोड्या असतील.

अशा मुलींचे पुढे काय होई, ह्याचे एक उत्तर ऑस्टिनच्या घराण्यात आहे आणि ते भारतीय वाचकाच्या परिचयाच्या किनाऱ्यावर येऊन पोचते. तिची आत्या फिलाडेल्फिया पैशांअभावी १७५२ मध्ये वर शोधण्यासाठी जहाजाने हिंदुस्थानात आली आणि कंपनीच्या एका शल्यवैद्याशी विवाह करून राहिली. तिची मुलगी एलायझा १७६१ मध्ये कलकत्त्यास जन्मली. वॉरन हेस्टिंग्ज तिचा धर्मपिता. एलायझाचा फ्रेंच पती १७९४ मध्ये पॅरिसला गिलोटिनखाली मेला आणि पुढे १७९७ साली ती जेनच्या भावाची, हेन्रीची, पत्नी झाली. फ्रेंच राज्यक्रांती ह्या घरात नातलग म्हणून वावरत होती. १८१३ साली कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर खुद्द हेस्टिंग्जला एलिझाबेथ आवडल्याचे कळून लेखिका आनंदली होती.

निवांतपणाचे श्रेय ग्रंथाला देणे वाचकाला सोयीचे असते. ज्या १९४३ साली कार्थेजमध्ये हे वाचन चालले होते, त्याच साली बंगालात लक्षावधी माणसे उपासमारीने व रोगराईने मरत होती. धान्याच्या जहाजांबाबत चर्चिलच्या मंत्रिमंडळाने घेतलेले निर्णय आजही इतिहासकारांच्या वादाचा विषय आहेत. आजाऱ्याच्या विरंगुळ्यावर ह्याचा दोष लादणे अन्यायाचे होईल. पण दूरची दुःखे ज्यांच्या दिवाणखान्यात पोचत नाहीत ती माणसे सुखी, हे मत साम्राज्याचा प्रधानमंत्री मांडतो, तेव्हा ते केवळ बेनेट कुटुंबाविषयीचे राहत नाही.

ऑस्टिनने ह्या आक्षेपाची चेष्टा आधीच करून ठेविली होती. १८१३ च्या फेब्रुवारीत बहीण कॅसँड्राला लिहिलेल्या पत्रात ती गमतीने म्हणते की हे पुस्तक जरा जास्तच हलके व लखलखीत झाले आहे, त्याला सावली हवी. मध्ये एखादे लांबलचक प्रकरण घुसडावयास हवे होते, कथेशी काडीचा संबंध नसलेले. त्यासाठी तिने सुचविलेल्या विषयांत बोनापार्टचा इतिहासही आहे.