घोड नदीचा काठ आणि आपला पडदा

आपल्या स्मरणिकेत गणेशोत्सवावर लेख असतो, नाटकावर असतो, ढोलपथकावर तर कधी कधी दोन असतात. मार्चमध्ये होणाऱ्या फोटोंच्या कार्यक्रमावर मात्र आजवर कुणी पानभर लिहिलेलं मला आठवत नाही. हिवाळ्याच्या सुट्टीत मायदेशी जाऊन आलेल्यांनी तिथल्या माळरानांचे, पाखरांचे, जनावरांचे फोटो पडद्यावर दाखवायचे आणि त्यांच्याविषयी मराठीत बोलायचं, इतका साधा हा कार्यक्रम. पण इथे राहून आपण ज्या कला टिकवल्या, त्यांत मला ही सगळ्यांत अस्सल वाटते. आणि सगळ्यांत आधी हातची जाईल अशी भीतीही हिचीच वाटते.

तळघरातल्या भिंतीवर चादर ठोकून पहिला कार्यक्रम कसा झाला, त्या रात्री बर्फामुळे निम्मी मंडळी तिथेच कशी मुक्कामाला राहिली, हे जुन्या सभासदांना पाठ आहे. नव्यांसाठी एवढंच सांगतो की तेव्हा फोटो काढणं खर्चाचं काम होतं. एका रोलमध्ये 36 फोटो. प्रोजेक्टरच्या गोल तबकडीत 80 स्लाइड मावायच्या, म्हणून दाखवायच्याही तेवढ्याच. वाईट फोटो पदराआड ठेवायचा आणि चांगल्यासाठी आठवडाभर थांबायचं, ही शिस्त या मोजमापानेच लावली. पुढे कोडॅकने 2004 मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं, 2009 मध्ये कोडाक्रोम फिल्म बंद केली आणि 2010 संपता संपता कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेनेही ती धुणं सोडलं. कितीतरी घरांतला हा छंद तिथेच संपला. आपला संपला नाही, याचं श्रेय दोन माणसांना आहे.

त्यांची नावं छापलेली त्यांना चालणार नाहीत, आणि तुम्हाला ती सांगायची गरजही नाही. एक आपले प्रोजेक्टरवाले काका. दिवसभर कारखान्यात उभं राहून आलेला हा माणूस संध्याकाळी गाडीतून पडदा, वायरी, जादा दिवा घेऊन सगळ्यांच्या आधी सभागृहात हजर असे. पडद्याचा रंग निळसर दिसला तर तो दुरुस्त केल्याशिवाय ते कार्यक्रम सुरू होऊ देत नसत, मग अध्यक्ष कितीही घड्याळ बघोत. दुसऱ्या आपल्या निवेदनवाल्या मावशी. फोटो काढणाऱ्याला बोलता येतंच असं नाही. अशांना घरी बोलावून, जेवू घालून, प्रत्येक फोटोमागची हकिगत त्या काढून घेत आणि स्वच्छ मराठीत लिहून देत. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचून पक्ष्यांची मराठी नावं त्यांनी वहीत उतरवली होती. फ्लेमिंगोला रोहित, पेंटेड स्टॉर्कला चित्रबलाक, बार-हेडेड गूजला पट्टकादंब. ही नावं आज आपल्या मुलांच्या कानावर आहेत ती त्या वहीमुळे. या दोघांसारखी माणसं जगातल्या दुसऱ्या कुठल्या मंडळाला लाभली असतील, असं मला वाटत नाही.

आता त्या कार्यक्रमाविषयी लिहितो, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख हाती घेतला. आपल्या एका ताईंचं माहेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. चौफुल्याहून न्हावऱ्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या रांगा. आपल्यापैकी बहुतेकांनी हा मुलूख गाडीच्या काचेतून पाहिला असेल आणि इथे कॅमेरा कशाला काढायचा, असंच म्हटलं असेल. ताईंनी पूर्ण सुट्टी तिथे काढली. ताडोबाला जाण्याचं ठरलेलं आरक्षणही त्यांनी भावाला देऊन टाकलं.

पहिला फोटो होता त्याच काठावरच्या इनामगावच्या पांढरीचा. सकाळचं तिरपं ऊन, उघडं टेकाड, मातीत खापऱ्या. हे पाहून मागच्या रांगेत कुजबुज झाली, कारण लोक जनावरं पाहायला आले होते. ताई घाईला आल्या नाहीत. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे खणून जे काढलं, ते त्यांनी शांतपणे सांगितलं. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700, म्हणजे नऊशे वर्षं नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव. 130 हून अधिक घरांचे अवशेष. जवाचं पीक, नदीचं पाणी वळवणारा पाट, प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर आणि शेजारी धान्याचं कोठार. पुढे हवामान कोरडं होत गेलं, शेती हटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. तिथे सापडलेल्या हाडांत काळविटाची हाडं आहेत.

आणि इथे पडद्यावर पहिलं जनावर आलं. रेहेकुरीचा काळवीट नर, पाठ काळी, पोट पांढरं, पिळाची शिंगं, मागे पिवळं गवत. घोडकाठावरून पूर्वेला गेलं की कर्जत तालुक्यात हे अभयारण्य लागतं. 1980 साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर. तीन हजार वर्षांपूर्वी इनामगावच्या चुलीवर जे जनावर शिजत होतं, त्याचे वंशज अजून एवढ्याशा जागेत तग धरून आहेत, हे नुसतं सांगितलं असतं तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. आधी टेकाड आणि मग काळवीट पाहिल्यावर ते मनात बसलं.

मग सुप्याचा मयूरेश्वर माळ आणि चिंकारा. मग मेंढ्यांचा कळप, धनगराचा वाडा, आणि कळपापासून बऱ्याच अंतरावर गवतात बसलेला लांडगा. फोटोत तो अगदी लहान दिसत होता. कुणीतरी विचारलं, जवळचा नाही का मिळाला? ताई म्हणाल्या, मिळाला असता, पण मेंढपाळाने पुढे जाऊ नका म्हटलं, पिल्लांची जागा त्या बाजूला होती. लांडगा हा कळपाचा हिस्सेकरीच आहे, वर्षाला दोन-चार मेंढरं त्याची धरूनच चालायचं, असं त्या मेंढपाळाचं म्हणणं. एवढ्या नुकसानीनंतरही जो माणूस पिल्लांची जागा दाखवत नाही, त्याच्यापुढे लेन्स घेऊन कसं धावायचं? माझ्या लेखी तो लहानसा लांडगा त्या संध्याकाळचा सर्वोत्तम फोटो होता. गवत, कळप, माणूस आणि लांडगा यांच्यातलं अंतर त्यात जसंच्या तसं उतरलं होतं.

बिबट्याचा फोटो ताईंनी दाखवलाच नाही. उसाच्या कडेला उमटलेले ठसे दाखवले, आणि संध्याकाळी सातच्या आत दार लावून घेतलेली वस्ती. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत धरणांमुळे पाणी आलं, पाण्यामुळे ऊस आला, आणि वर्षभर उभ्या असलेल्या उसात बिबट्यांनी पिल्लं वाढवली. बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. ताईंच्या भावकीतल्या बाया अंधारात एकट्या बाहेर पडत नाहीत. आपण महिनाभर येतो, फोटो काढतो आणि सुरक्षित परततो. तिथे राहणाऱ्यांच्या भीतीवर टाळ्या मिळवू नयेत, एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढची स्लाइड लावली.

शेवटाकडे पुन्हा इनामगाव होतं. त्या लोकांच्या दफनाविषयी ताई बोलल्या. मुलं गेली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायची आणि घराच्या जमिनीतच पुरायची. मोठ्या माणसालाही घरात किंवा अंगणात पुरायचं, आणि पुरण्याआधी पावलं तोडायची. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून ही रीत असावी, असं अभ्यासकांना वाटतं. एका मातब्बर माणसाला मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलं होतं आणि त्याची पावलं शाबूत होती. तिथल्याच एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे. त्या होडीचं चित्र पाहून झाल्यावर भिगवणला उजनीच्या पाण्यावर पहाटे निघालेल्या मच्छीमाराची होडी दिसली, आणि तिच्यापलीकडे पट्टकादंबांचा थवा, हिमालय ओलांडून आलेला. सभागृहात बसलेले आम्ही सगळे घर सोडून आलेलेच. ज्यांचे आईवडील आता तिथे नाहीत, अशा कितीतरी जणांनी त्या वेळी डोळे पुसले. मी ही गोष्ट भावनेच्या भरात वाढवून लिहीत नाही. शेजारी बसलेल्यांना विचारा.

अशी संध्याकाळ पुन्हा होईल का, ही माझी काळजी आहे. कारण गेल्या काही वर्षांत आपण एकेक तडजोड करत आलो. कार्यक्रम दोन तासांचा होता, तो वीस मिनिटांवर आला, कारण नंतर नाच असतात. निवेदन अर्धं इंग्रजीत गेलं, मुलांना कळावं म्हणून. पण मुलांना ते मराठीतच कळत होतं, मावशींच्या वहीतून त्यांनी नावं पाठ केली होतीच की! मग निवेदनही गेलं आणि फोटोंखाली संगीत आलं. आता फोटो ताडोबाच्या वाघाचेच जास्त, तेही एकाच वाघिणीचे, वेगवेगळ्या जिप्सीतून काढलेले. वाघाबद्दल माझी तक्रार नाही; ताडोबा आपलंच आहे, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. पण ज्याचं आजोळ दौंडला, त्याने आजोळच्या माळावर एक सकाळ तरी घालवावी की नाही?

याहून गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. उडते रोहित मिळावेत म्हणून होडी थव्यात घालायला सांगणारे, कुरव पक्षी जवळ यावेत म्हणून पाण्यावर शेव-गाठी उधळणारे आपल्यातही निघाले आहेत. चिखलातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा पक्षी दिवसातून दहा वेळा उठवला तर त्याने खायचं कधी? भिगवणचे जाणते नावाडी बरंच आधी इंजिन बंद करतात आणि बांबूने होडी ढकलतात. त्यांना जादा पैसे देऊन उलटं वागायला लावणारे आपण आहोत. गवताळ माळावर वाट सोडून गाडी घातली तर धाविक आणि पखुर्डीची जमिनीवरची अंडी चाकाखाली जातात, ती कुणाला दिसतही नाहीत. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. असे फोटो आपल्या पडद्यावर लागू नयेत, मग ते कितीही देखणे असोत.

तरुणांकडे कौशल्य नाही असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या पिढीला जमला नसता असा उडता भोवत्या आपली सोळा-सतरा वर्षांची मुलं सहज टिपतात. पण तो टिपला की फोनवर चार मित्रांना दाखवून संपतो. उभं राहून, नावानिशी, गावानिशी त्याची हकिगत सांगायला कुणी पुढे येत नाही. मुंबईच्या नयन खानोलकरांनी वस्तीच्या बोळातून जाणाऱ्या बिबट्याच्या एका फोटोसाठी कित्येक महिने घालवले, आणि 2016 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत त्या फोटोने शहरी विभागाचं पारितोषिक मिळवलं. लांब कुठे जंगलात न जाता स्वतःच्या शहरात त्यांनी हे केलं. आपल्या मुलांची गावंही तशीच त्यांची वाट पाहत आहेत.

त्यांची एक अडचण खरी आहे. आम्ही डिसेंबरात जात होतो; त्यांच्या शाळा-कॉलेजांना मोठी सुट्टी उन्हाळ्यात, आणि ती मुलं मे-जूनमध्ये गावी पोचतात. त्या उन्हात काय मिळणार, असं एका मुलीने मला विचारलं. तिला सांगितलं तेच इथे लिहितो. मेमध्ये उजनीचं पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि उरलेले रोहित काठाजवळ चरतात. दहाच्या पुढे माळावरची हवा थरथरते आणि लांब लेन्समधून काहीच स्पष्ट येत नाही, म्हणून उजाडताना आणि मावळतानाच काम करायचं, मधला वेळ आजीजवळ बसायचं. मृगाच्या आगेमागे आफ्रिकेकडून चातक येतो. पहिला पाऊस पडला की चंडोल हवेत चढत गातात, आठ-पंधरा दिवसांत माळ हिरवा होतो, आणि विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरणी खोपे विणायला घेतात. हिवाळ्यात जाणाऱ्या आमच्यापैकी कुणीही यातलं काही या पडद्यावर दाखवू शकलेलं नाही.

म्हणून कार्यकारिणीला विनंती आहे की मार्चच्या जोडीने सप्टेंबरातही एक कार्यक्रम ठेवावा, गणपती झाल्यावर, नाचांशिवाय, पूर्ण दोन तासांचा. प्रोजेक्टरवाले काका यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. मावशींची वही आता त्यांच्या सुनेकडे आहे. तिची प्रत काढून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मेच्या आत द्यावी, आणि निवेदन मराठीतच, चुकतमाकत का होईना, ज्याने फोटो काढला त्यानेच करावं.