हिम आणि अवर्षण : पाहणारा आणि राहणारा

प्रादेशिक साहित्याची चर्चा आपल्याकडे बहुधा बोलीभाषेच्या अंगाने होते. लेखकाने तिथली बोली कितपत नेमकी पकडली, तिथले सणवार आणि रीतिरिवाज कसे टिपले, हे पाहिले जाते आणि निसर्गाविषयी ‘निसर्गवर्णने चित्रदर्शी आहेत’ एवढा अभिप्राय देऊन समीक्षक पुढे जातो. जिथे हवामान सौम्य असते, तिथे एवढ्याने भागतेही. परंतु जिथे ते टोकाचे असते, तिथे निसर्ग पार्श्वभूमीवर राहायला तयार नसतो. घर कसे बांधायचे, वर्षातले किती महिने काम करायचे, मुलीला कोणत्या गावी द्यायचे, गाव केव्हा सोडायचे, हे सर्व तोच ठरवतो. अशा प्रदेशाविषयी लिहिणाऱ्याला आणखी एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. तो हे सारे पाहतो आहे की त्यात राहतो आहे?

या प्रश्नाचा विचार आम्हांस तीन पुस्तकांच्या आधारे करावयाचा आहे. पहिले, जपानच्या एचिगो प्रांतातील सुझुकी बोकुशी यांचे ‘होकुएत्सु सेप्पु’. दुसरे, त्याच प्रदेशावरची यासुनारी कावाबाता यांची ‘युकिगुनी’, म्हणजे ‘हिमप्रदेश’, ही कादंबरी. आणि तिसरे, आपल्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. हिमात बुडालेला भातशेतीचा मुलूख आणि पावसाला पारखा झालेला माणदेश यांना एकत्र आणणे वरवर पाहता विक्षिप्त वाटेल. पण दोन्ही प्रदेश डोंगरांनी घडविलेले आहेत. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात, मध्यवर्ती पर्वतरांगांना धडकतात आणि अलीकडच्या उतारावर सारे बर्फ ओतून मोकळे होतात. पलीकडच्या तोक्योच्या मैदानात त्याच दिवसांत स्वच्छ, कोरडे ऊन असते. आपला सह्याद्री नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या बाबतीत हेच करतो. कोकण आणि घाटमाथा भिजून निघतात आणि पूर्वेकडचे माण, आटपाडी, सांगोले आभाळाकडे डोळे लावून बसतात. एका गावाला डोंगराने फार दिले, दुसऱ्याला काहीच दिले नाही. माणसाची कोंडी मात्र दोन्हीकडे सारखीच.

सुझुकी बोकुशी (१७७०–१८४२) हे शिओझावा गावचे व्यापारी. ‘चिजिमी’ नावाच्या तलम तागासारख्या कापडाचा व्यापार आणि गहाणवट हा त्यांचा धंदा. आपल्या प्रदेशातील हिमाची हकिकत राजधानीतल्या वाचकांपर्यंत जावी, या एका ध्यासाने त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे एदोमधील नामांकित लेखकांकडे खेटे घातले. अखेर सान्तो क्योझान यांच्या साहाय्याने १८३७ साली पुस्तकाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला, तेव्हा बोकुशी सदुसष्ट वर्षांचे होते. पुस्तक खूप वाचले गेले.

या पुस्तकाच्या आरंभीच एक तक्रार आहे आणि आमच्या मते ती साऱ्या प्रादेशिक साहित्याची मूळ तक्रार आहे. उबदार मुलखातल्या लोकांना बर्फ हा विलास वाटतो. थोडे बर्फ पडले की ते मद्याचे पेले घेऊन बसतात, चित्रे काढतात, कविता रचतात. आमच्याकडे मात्र पहिले बर्फ दिसले की यंदाही याच्याशी झुंजावे लागणार, या विचाराने उर दडपतो, असे बोकुशींचे म्हणणे आहे. त्यांच्या गावात बर्फ ‘झाडीत’ नाहीत, ‘खणतात’. जमीन खणावी तसे. छपरावरचे बर्फ वेळेवर उतरविले नाही तर घर बसते. उतरविलेले बर्फ घराएवढे उंच होते आणि मग खिडक्यांना उजेड उरत नाही. या एका क्रियापदाच्या भेदात राहणारा आणि पाहणारा यांच्यातील सगळे अंतर आले आहे.

बोकुशींची नजर कुतूहलाची आहे. त्यांनी हिमकणांच्या आकृत्या पुस्तकात दिल्या. त्या कोगाचे सरदार दोई तोशित्सुरा यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेल्या चित्रांवरून घेतल्या होत्या. पण या आकृत्यांच्या शेजारी हिमवादळात सापडलेल्या तरुण नवरा-बायकोची हकिकत आहे. तान्हे मूल घेऊन माहेरी निघालेले ते दोघे वाटेतच गोठून मेले आणि आईच्या छातीशी धरलेले मूल तेवढे जिवंत राहिले. सौंदर्य आणि मृत्यू अशा रीतीने शेजारी ठेवताना बोकुशी कोठेही आवाज चढवीत नाहीत. जमाखर्च लिहिणाऱ्या व्यापाऱ्याच्या शांतपणे ते दोन्ही नोंदवितात.

त्यांच्या पुस्तकातील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग चिजिमीचा आहे. शेते बर्फाखाली गेली की स्त्रियांना विणकामाखेरीज काम नसे. धागा बनविण्यापासून कापड बर्फावर पसरून उन्हात शुभ्र करण्यापर्यंत सारे हिमाच्या साक्षीने चाले. अशाच एका मुलीला मोठ्या मानाच्या कापडाचे काम मिळाले. तिने जिवापाड मेहनत करून ते विणले. पण शुभ्र होऊन आलेल्या कापडावर तिला एक डाग दिसला आणि तिला वेड लागले. ही हकिकत सांगणारे बोकुशी स्वतः याच कापडाचे व्यापारी होते, हे विसरता येत नाही. त्यांना त्या मुलीविषयी कणव आहे. पण ज्या व्यवहारात एका डागाने माणसाचे डोके फिरावे, त्या व्यवहाराला ते प्रश्न विचारीत नाहीत. राहणाऱ्याच्या दृष्टीलाही अशी स्वतःची मर्यादा असते.

‘युकिगुनी’ ही याच मुलखातील, युझावा येथील उष्णोदकाच्या झऱ्यांच्या गावची कादंबरी. १९३५ पासून ती तुकड्यातुकड्यांनी प्रसिद्ध होत गेली आणि आज परिचित असलेले तिचे रूप १९४८ साली सिद्ध झाले. कावाबातांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कृतीचा मोठा वाटा होता. आम्ही ती सायडेनस्टिकर यांच्या १९५६ च्या इंग्रजी अनुवादातून वाचली. १९३१ साली शिमिझु बोगदा सुरू झाला आणि तोक्योचा माणूस काही तासांत हिमप्रदेशात पोहोचू लागला. कादंबरीचा आरंभ या बोगद्यातूनच होतो, ही गोष्ट केवळ नाट्यमय नाही. बोकुशींच्या काळात हिमाची वार्ता एदोला पोहोचविण्यासाठी चाळीस वर्षे लागली. आता एदोचाच माणूस तिकीट काढून हिम पाहायला येतो आहे.

हा माणूस म्हणजे शिमामुरा. वडिलार्जित पैशावर जगणारा आणि पाश्चात्त्य बॅलेवर लेख लिहिणारा. पण बॅले त्याने रंगमंचावर कधी पाहिलेला नाही, आणि तो पाहावा असे त्याला वाटतही नाही. कावाबातांनी या एका तपशिलात शिमामुराचे सगळे व्यक्तिमत्त्व उघडे केले आहे. आगगाडीच्या खिडकीच्या काचेत त्याला योको या मुलीचा चेहरा दिसतो आणि त्यातून बाहेरचा डोंगर सरकत राहतो. पाहणे म्हणजे प्रतिबिंब पाहणे, असेच त्याच्यापुरते आहे. कोमाको ही गेशा वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिते, वाचलेल्या कादंबऱ्यांची टाचणे ठेवते. ते सारे त्याला व्यर्थ वाटते. ती राहते ती माळ्यावरची खोली पूर्वी रेशमाचे किडे पाळण्यासाठी वापरली जाई. तिने हा पेशा एका आजाऱ्याच्या औषधपाण्याच्या खर्चासाठी पत्करला, असे गावात बोलले जाते. म्हणजे हिमप्रदेशाचे अर्थकारण कादंबरीत आहे, पण कुजबुजीच्या रूपात. भाताच्या पेंढ्या मांडवांवर वाळत टाकलेल्या दिसतात. त्या टाकणारे हात फारसे दिसत नाहीत.

या कादंबरीवर सौंदर्यवादाचा आरोप अनेकदा होतो. तो आम्हांस अर्धाच मान्य आहे. कावाबाता म्हणजे शिमामुरा नव्हे. शिमामुराच्या पाहण्यातील पोकळपणा लेखकाला पुरता ठाऊक आहे आणि कोमाकोच्या ‘व्यर्थ’ धडपडीलाच कादंबरीत खरे वजन आहे. तथापि उरलेला अर्धा आरोप टिकतो. चिजिमीचा भाग कावाबातांनी बोकुशींच्या आधारे लिहिला. हिमात विणणाऱ्या मुलींच्या कष्टांचा उल्लेख त्यात येतो, पण तो शिमामुराच्या चिंतनाचा विषय म्हणून. कापड पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि स्त्री-पुरुषांचे नाते तेवढेही टिकत नाही, या विचाराकडे तो वळतो. डागामुळे वेडी झालेली मुलगी या चिंतनात येत नाही. ती आली असती तर शिमामुराला आपला किमोनो बर्फावर शुभ्र करायला पाठविताना इतके सुखाने झोपता आले नसते. उसने घेताना लेखक काय घेतो याइतकेच तो काय मागे ठेवतो हेही समीक्षकाने पाहिले पाहिजे.

आता ‘बनगरवाडी’. १९५५ साली ग्रंथरूपाने आलेल्या या कादंबरीचा निवेदक, तरुण शिक्षक राजाराम, हा ना प्रवासी ना रहिवासी. तो नेमणुकीवर आलेला आहे. हे तिसरे स्थान मराठी समीक्षेने पुरेसे लक्षात घेतलेले नाही, असे आम्हांस वाटते. नेमणुकीवर आलेल्या माणसाला प्रवाशासारखे वाटेल तेव्हा निघून जाता येत नाही आणि रहिवाशासारखे मुळेही धरता येत नाहीत. शासकीय सेवेत ज्यांनी आयुष्य घालविले त्यांना ही अवस्था नव्याने सांगावी लागत नाही. राजारामला शाळा सापडते, मुले सापडत नाहीत, कारण मुले मेंढरांमागे असतात. बडोदे संस्थानाने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, याचा आपल्याला योग्य तो अभिमान आहे. पण शाळा आणि मेंढरू यांच्या ओढाताणीत मूल नेमके कुठे उभे असते, हे कोणत्याही अहवालापेक्षा माडगूळकरांच्या पानांत अधिक स्पष्ट दिसते. राजाराम मग गावाची पत्रे लिहितो, तालुक्याहून जिन्नस आणतो, भांडणे सोडवितो, आणि सर्वांना जमवून तालीम बांधतो. व्यायामाचे पुरस्कर्ते असलेल्या औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात हे स्वाभाविकच होते.

निसर्गवर्णन माडगूळकरांनी विलक्षण काटकसरीने केले आहे. माळ, मेंढरे, कुत्री, धूळ. कोठेही उपमांची आरास नाही. पाहणाऱ्याच्या भाषेला अशी आरास लागते, कारण तिला दृश्याचे मोल वाढवून सांगायचे असते. राहणाऱ्याला वस्तूचे नाव पुरते. बैलजोडी पुरी नाही म्हणून एका धनगराची बायको स्वतःच्या खांद्यावर जू घेते, हा प्रसंग तर लेखकाने जवळजवळ भाष्याविना सांगितला आहे. बोकुशींचा शांतपणा आणि हा शांतपणा एकाच जातीचा आहे.

शेवटी पाऊस ओढ देतो. मेंढरे मरू लागतात आणि वाडी ‘जगायला’ बाहेर पडते. ‘जगायला जाणे’ हा माणदेशी शब्दप्रयोग एचिगोच्या ‘खणणे’ या क्रियापदाच्या तोडीचा आहे. तिकडचे शेतकरीही हिवाळ्यात मजुरीसाठी शहरांकडे जात. फरक इतकाच की हिम वितळले की शेताला तेच पाणी मिळे आणि माणसे परतत. अवर्षणाला असा वसंत नसतो. म्हणूनच ‘युकिगुनी’चा शेवट रेशीमकोषांच्या वखारीला लागलेल्या आगीच्या झगझगीत दृश्यात होतो आणि ‘बनगरवाडी’चा शेवट रिकाम्या गावात. पाहण्यासारखे काही उरलेलेच नाही, असा तो शेवट आहे.

मर्यादा ‘बनगरवाडी’लाही आहे. दुष्काळ तिथे दैवासारखा येतो. आणेवारी, तगाई, सूट, दुष्काळी कामे हे सारे तक्ते ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना ठाऊक असते की पाऊस न पडणे ही नैसर्गिक घटना आहे, पण दुष्काळ हा पुष्कळदा माणसाच्या व्यवस्थेचा परिणाम असतो. या कारणांकडे कादंबरी वळत नाही. तो तिचा दोष म्हणावा का? राजारामच्या जाणिवेशी ती प्रामाणिक राहिली, एवढे तरी म्हणावेच लागेल. पुढच्या ग्रामीण आणि दलित लेखकांनी हा प्रश्न कठोरपणे विचारला. पण आधी ‘बनगरवाडी’ने गावाकडे रम्य नजरेने पाहणे अशक्य करून ठेवले होते, म्हणूनच तो प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारता आला.

आज दोन्ही प्रदेश पालटले आहेत. युझावाला १९८२ पासून शिंकान्सेन जाते, बर्फ हा तिथे पर्यटनाचा माल झाला आहे, आणि रस्त्यांवर भूगर्भातील पाणी शिंपडून ते वितळविले जाते. २००९ साली ओजिया-चिजिमी आणि एचिगो-जोफु या वस्त्रांना युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आटपाडीकडे टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी पोहोचले आहे. धनगरांच्या लोकरीपासून सनगरांनी विणलेली घोंगडी मात्र अशा कोणत्याही यादीत नाही. तीही एका हवामानाचे वस्त्र आहे. पण तिचे गुणगान करणारा बोकुशी अजून निघालेला नाही.

आणि आपण, बडोद्याचे मराठी वाचक? जपान आपल्याकडे आला तो प्रामुख्याने हायकूंमधून आणि प्रवासवर्णनांमधून. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला, पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने तो देश आपल्या घराघरांत नेला. या उपकारांबरोबर चेरीची फुले आणि शुभ्र हिम यांचे एक चित्रही आपल्या मनात पक्के झाले. माणदेशाविषयी आपले ज्ञान याहून वेगळ्या प्रकारचे आहे असे समजण्याचे कारण नाही. कित्येक पिढ्या या नगरीत स्थिरावलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी तो माळ पुस्तकातच पाहिला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा उंच इमारतींच्या गच्चीवरून घेतलेली पुराची छायाचित्रे सुंदरच होती. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ती फारशी काढली नसतील.

शिमामुरा होण्यापासून वाचकाची सुटका नसते; वाचणे म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या खिडकीतून पाहणेच. पण पाहताना क्रियापद कोणते वापरले आहे, इकडे लक्ष ठेवणे आपल्या हाती आहे. आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गात प्रादेशिक कादंबऱ्या वाचल्या जातात, तेव्हा निसर्गवर्णनाचे उतारे निवडण्याऐवजी त्या त्या प्रदेशातील माणूस हवामानाशी काय करतो, खणतो की जगायला जातो, याची टाचणे काढावीत, अशी आमची सूचना आहे. कोमाकोने काढली तशी. कुणाला ती व्यर्थ वाटली तरी चालेल.