मास्कचा पाठ : सांगितलेले आणि राहून गेलेले

विमान उड्डाणासाठी निघाले की कर्मचारी मधल्या वाटेत उभे राहून प्रवाशांना एक छोटा पाठ देतात. केबिनमधील हवेचा दाब कमी झाला तर वरून मास्क खाली येईल; तो आपल्याकडे ओढा, नाक व तोंड झाका, नेहमीसारखा श्वास घ्या आणि दुसऱ्याला मदत करण्याआधी स्वतःचा मास्क लावा. जगात रोज लक्षावधी माणसांना हा पाठ ऐकवला जातो. शिक्षकाच्या नजरेने त्याची परीक्षा करून पाहावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम गुण. पाठ अर्ध्या मिनिटात संपतो. त्यात प्रात्यक्षिक आहे. कृतींचा क्रम अचूक आहे. इतके नेटके पाठ्यटिपण आपल्यापैकी फार थोड्यांना जमते. दोष एकच, पण मोठा. या पाठात ‘काय करा’ आहे, ‘का करा’ नाही.

‘आधी स्वतःचा मास्क’ ही सूचना घ्या. कारण ठाऊक नसेल तर ती स्वार्थी वाटते आणि कोणतीही आई ती मोडणारच. कारण मात्र साधे आहे. ३५,००० फुटांवर बाहेरील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही सुमारे २१ टक्केच असते. परंतु फुप्फुसांतून रक्तात त्याला ढकलणारा दाब उरत नाही. एवढ्या उंचीवर केबिनमधला दाब एकदम गेला, तर माणसाला नीट विचार व कृती करण्यास जेमतेम अर्धा ते एक मिनिट मिळते. शिवाय मेंदू मंदावतो आहे हे त्या मेंदूलाच कळत नाही. कित्येकांना उलट उत्साह वाटतो. मूल काही सेकंद बेशुद्ध झाले तरी मास्क लावल्यावर सावरू शकते. आईचेच भान हरपले तर मास्क कोणी लावायचा?

‘मास्क ओढा’ यामागे रसायनशास्त्र आहे. बऱ्याच विमानांत प्रवाशांचा प्राणवायू टाकीत साठवलेला नसतो. आसनांवरच्या कप्प्यात सोडियम क्लोरेट असलेली नळकांडी असतात. मास्क ओढताच अभिक्रिया सुरू होते आणि प्राणवायू निघू लागतो. नळकांडे तापते, जळल्यासारखा वासही येतो. हे माहीत नसलेला प्रवासी आग लागली असे समजून मास्क काढून टाकू शकतो. मास्कची पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येत असतो, एवढे बहुतेक वेळा सांगतात. वासाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मास्क लावल्यावर विमान झपाट्याने खाली उतरू लागते, तेही सांगत नाहीत. ते कोसळत नसते. वैमानिक त्याला मास्कशिवाय श्वास घेता येईल अशा सुमारे १०,००० फुटांवर आणत असतो. नळकांड्यातला प्राणवायू काही मिनिटेच पुरतो आणि तेवढी मिनिटे यासाठी पुरेशी असतात.

कारण न सांगितल्याने खरेच काही बिघडते का? १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या विमानाचे इंजिन फुटून खिडकी तुटली आणि केबिनमधला दाब गेला. आतील छायाचित्रांत अनेकांनी मास्क केवळ तोंडावर धरलेला दिसतो, नाक उघडेच. पाठ त्यांनीही ऐकलेला असणार.

ज्यांना सारे ठाऊक असते तेही चुकतात. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या बोइंग ७३७ विमानात, आधीच्या तपासणीनंतर, दाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची कळ ‘स्वयंचलित’ऐवजी ‘हस्तचालित’ स्थितीत राहिली होती. सुमारे १२,००० फुटांवर भोंगा वाजला. उड्डाणाच्या तयारीत काही राहिले असेल तर जमिनीवरही हाच भोंगा वाजत असे. वैमानिकांनी तोच अर्थ घेतला आणि कंपनीच्या अभियंत्याशी रेडिओवर बोलत राहिले. मास्क न लावताच त्यांची शुद्ध हरपली. इंधन संपेपर्यंत विमान आपोआप उडत राहिले. १२१ जण मृत्यू पावले. येथे दोष ऐकणाऱ्यांइतकाच सांगणाऱ्या यंत्राचाही होता, कारण एकाच आवाजाचे दोन अर्थ होते. पुढे २०११ साली अमेरिकी विमान प्रशासनाने या जातीच्या विमानांत इशाऱ्याचे वेगळे दिवे बसवण्याचा आदेश दिला.

यावर कोणी म्हणेल, उड्डाणाआधी एवढी कारणे सांगायची कशी? आक्षेप रास्त आहे. अर्ध्या मिनिटात पदार्थविज्ञान शिकवता येत नाही, आणि संकटात तर विचार करण्याआधीच मास्क लावला पाहिजे. म्हणूनच कारणे शाळेत कळायला हवीत. आपण मात्र ‘उंचावर हवा विरळ असते’ एवढे वाक्य लिहून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मुलाच्या मनात राहते ते ‘वर प्राणवायू नसतो’ हे चुकीचे विधान.

त्याऐवजी फळ्यावर तीन आकडे लिहावेत : समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, १८,००० फुटांवर ३८०, ३५,००० फुटांवर सुमारे १८०. प्रत्येकाचे २१ टक्के मुलांनाच काढू द्यावेत. मग विचारावे : हवेतले प्रमाण तेच, तर माणूस बेशुद्ध का पडतो? पोटॅशियम क्लोरेटपासून प्राणवायू तयार करण्याचा जुना प्रयोग शिकवताना त्याच जातीचे नळकांडे विमानात असते हेही सांगावे. वर्गातली बहुतेक मुले कधी विमानात बसली नसतील. त्याने काही बिघडत नाही. सूचना पाळण्याआधी तिचे कारण विचारण्याची सवय जमिनीवरच लागते. वर गेल्यावर त्यासाठी वेळ नसतो.