उल्लेखनीय कोण?

सप्टेंबर २००७ मध्ये विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी केपटाऊनजवळच्या गुगुलेथू वस्तीतल्या एका मटणाच्या दुकानावर एका वाक्याचं पान तयार केलं. म्झोली न्गकाउझेले या माणसाने काढलेलं दुकान. मांस निवडायचं, भाजून घ्यायचं, तिथेच बसून खायचं. काही मिनिटांत एका संपादकाने ते पान उडवलं. पुढे जोरदार वाद झाला, लोकांनी बातम्या शोधून आणल्या आणि पान टिकलं. पण पान वेल्स यांनी केलेलं नसतं, तर इतक्या जणांनी शोधाशोध केली असती का?

नियम सांगायला सोपा आहे. स्वतंत्र आणि विश्वासार्ह स्रोतांनी त्या माणसाची सविस्तर दखल घेतलेली हवी. पान वगळायचा प्रस्ताव आला की साधारण सात दिवस चर्चा चालते. डोकी मोजत नाहीत, युक्तिवाद तोलतात. रोज कोड रिव्ह्यू करणाऱ्या माझ्यासारख्याला या चर्चा वाचताना घरी आल्यासारखं वाटतं. माणूस भला आहे, कष्टाळू आहे, हे तिथे चालत नाही. टेस्ट पास झाली का, एवढंच विचारतात.

उद्योजकाच्या बाबतीत मात्र ही टेस्ट फार विचित्र वागते. लेखकाची पुस्तकं असतात, खेळाडूचे सामने असतात. उद्योजकाकडे स्वतःची दखल तयार करणारं खातंच असतं, पगारी. म्हणून गुंतवणूक उभारल्याची बातमी विकिपीडिया किरकोळ धरतो. मुलाखत म्हणजे माणसाचे स्वतःचेच शब्द, म्हणून तीही स्वतंत्र नाही. हे मला पूर्ण पटतं. आमच्याच क्षेत्रातल्या एका संस्थापकाच्या पानाचा मसुदा एका मित्राने मला तपासायला दिला होता. एकोणीस संदर्भ होते. त्यातल्या अकरा बातम्यांचा दुसरा परिच्छेद शब्दशः एकच. बाकीच्या बहुतेक मुलाखती. गाळून उरली एक बातमी, कामगारांच्या थकलेल्या पगाराची. खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशी तेवढीच, आणि नेमकी तीच त्यांना पानात नको होती!

इंग्रजी विकिपीडियाने भारतीय वृत्तसंस्थांबद्दल वेगळी सावधगिरीची सूचना लिहून ठेवली आहे. वाचून राग येतो, पण पुरावा आपल्याच घरचा आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतल्या पेड न्यूजबद्दल पी. साईनाथ यांनी लिहिलं होतंच. आणि बाजार फक्त बातम्यांचा नाही. २०१५ मध्ये विकिपीडियाने ऑरेंजमूडी नावाने ओळखलं गेलेलं जाळं पकडलं: ३८१ खाती बंद, २१० पानं रद्द. नाकारलेले मसुदे हेरायचे, त्या छोट्या व्यावसायिकांना गाठायचं आणि पैसे द्या, पान चढवतो म्हणायचं. पुढे पान सांभाळायचा हप्ताही मागायचा.

म्हणजे नियम सैल करा, असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं 'लिज्जत' झालं. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी कुणी त्यांचं पान लिहायला घेतलं असतं, तर पहिला आक्षेप ठरलेला होता: दखल संस्थेची आहे, व्यक्तीची कुठे आहे? उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही, असं तिथलं एक आवडतं तत्त्व आहे. पण लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक बहीण मालक आहे. तिथे एकटा नायक काढायचा कुठून? चरित्राच्या पानाला गॅरेजमधला एक तरुण आणि त्याची एक कल्पना लागते. सात जणी गच्चीवर पापड वाळवतात, ही गोष्ट त्या साच्यात बसतच नाही. जसवंतीबेन पद्मश्रीच्या दारातून तरी आत येतात. उरलेल्या सहा जणी एका ओळीत राहतात.

दुसरी गोष्ट शोधाची. स्रोत ऑनलाइनच हवा किंवा इंग्रजीतच हवा, असं विकिपीडियाचा नियम म्हणत नाही. छापील गुजराती बातमी चालते, जुना मराठी दिवाळी अंकही चालतो. पण सात दिवसांत वाचनालयात जाणार कोण? लॅपटॉपवर दोन शब्द टाकून काही सापडलं नाही की 'दखल नाही' असं लिहून माणूस पुढे जातो. गुगलला सापडलं नाही आणि कुणी लिहिलंच नाही, यांत फरक आहे. तो न पाळणारा रिव्ह्यू मी ऑफिसात नापास करेन.

आणि स्वतंत्र म्हणजे तरी काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. दहा वर्षांनी त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, कारखान्याचं घरचं पत्र. आजच्या भाषेत कंटेंट मार्केटिंगच. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी घरांत वाचलं गेलं. लक्ष्मणरावांबद्दल इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या पानाला धोका नाही. पण वाडीतल्या एखाद्या मिस्त्रीची दखल फक्त या 'खबरी'तच असेल, तर? नियमाने तो अंक मालकाचा, म्हणून बाद. मी चर्चेत असतो तर आधी तो अंक मिळवून वाचला असता, मग मत दिलं असतं. सात दिवसांत तो हाती आला नसता, तर मुदत वाढवून मागितली असती.